वेशीवरची राळ

सातेरी मधमाशीच्या पेटीचं झाकण सहज उचलून येतं. मेलिफेरा या युरोपीय माशीची पेटी मात्र पटाशी घालून उचकटावी लागते, कारण तिनं झाकण आणि चौकटी तपकिरी, चिकट राळेनं जोडून टाकलेल्या असतात. हेच प्रोपोलिस. सातेरी ते जवळजवळ गोळाच करत नाही आणि मेलिफेरा आपल्याकडे रुजली १९६०च्या दशकात. मराठीनं या वस्तूला स्वतःचं नाव दिलं नाही ते यामुळेच, असं मला वाटतं.

नाव ग्रीक असलं तरी त्याचे दोन्ही तुकडे आपल्या घरातले निघाले, तेव्हा मी हरखलोच. ‘प्रो’ म्हणजे आपला ‘प्र’ आणि ‘पोलिस’ हा संस्कृत ‘पुर्’चा भाऊबंद. (पोलीस खात्याचं नावही याच गोत्रातलं.) प्रोपोलिस म्हणजे पुराच्या पुढ्यातलं. आपण त्या जागेला वेस म्हणतो. ग्रीकांनी प्रोपोलिस हाच शब्द नगराबाहेरच्या वस्तीलाही वापरला.

काही जण ‘प्रो’चा अर्थ ‘साठी’ असा घेऊन ‘नगराच्या रक्षणासाठी’ अशी फोड करतात. ऐकायला ती छान वाटते, पण अथेन्सच्या आक्रोपोलिसचं प्रवेशद्वार ‘प्रॉपिलाया’ हे दारापुढचं बांधकाम आहे, ‘दारासाठी’ नव्हे. प्रोपोलिस त्याच घडणीचा शब्द आहे. दुसरा पक्ष लॅटिनमधल्या लिंपणे-घोटणे या अर्थाच्या क्रियापदाकडे बोट दाखवतो. मग रोमन लेखक व्हॅरो ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात हा शब्द ग्रीक धर्तीवर का चालवतो? शिवाय तो सांगतो की माश्या ही राळ पोळ्याच्या तोंडाशी लावतात. म्हणजे वेशीवरच!

अडचण प्लिनी या दुसऱ्या रोमन लेखकाची आहे. तो पोळ्यातले तीन थर सांगतो, प्रोपोलिसला तिसरा म्हणतो आणि थंडी शिरणाऱ्या फटी बुजवण्याचं काम देतो. मी व्हॅरोच्या बाजूचा. पाळणाऱ्याची नजर आधी दारावर पडते आणि नाव तिथूनच पडलं असणार. शिवाय आपली फुलोरी माशी साक्षीला आहेच. तिचं पोळं उघड्या फांदीवर लटकतं आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून ती पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट राळेची कडी घालते.

व्हॅरोच्या काळी वैद्य ही राळ लेपात घालत, त्यामुळे रोमच्या ‘पवित्र मार्ग’ या रस्त्यावर ती मधापेक्षा महाग विकली जाई. आज तोंडातले व्रण आणि ओठावरची नागीण यांवर तिच्या मलमांचा व अर्कांचा थोडाफार उपयोग लहान चाचण्यांत दिसला आहे. बाटलीवरचे बाकीचे दावे मला फुगवलेले वाटतात.

धोका मात्र पक्का आहे. युरोपात माश्या मुख्यतः पॉप्लरच्या कळ्यांवरची राळ आणतात. तिच्यातल्या कॅफेइक आम्लाच्या एस्टरांमुळे कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं. मधपाळांच्या हातांना हा त्रास जुनाच. पेरू बाल्सम या सुगंधी राळेची ॲलर्जी असणाऱ्यांनाही प्रोपोलिस बाधू शकतं. दमेकऱ्यांनी आणि मधमाशीच्या पदार्थांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही घेऊ नये. ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस या झुडपाचं, त्यामुळे त्याचे घटकही निराळे. एकाचे गुण दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवणं मला मान्य नाही. राळ कोणत्या झाडाची, हे लेबलावर आधी छापलेलं हवं.