साम्यातून उलगडणारी ओळख: हैदराबादच्या दोन प्रायमरची कथा

जप्त केलेले मांस शिजवलेले असेल, तर ते चितळाचे की बोकडाचे हे डोळ्यांना कळत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा कितीही कठोर असला, तरी प्राणी कोणता हे सिद्ध झाल्याविना शिकारीचा आरोप टिकणे अवघड. शिंगे, कातडी, पंजे नाहीसे झाले की पुरावा उरतो तो पेशींतील डीएनएमध्ये.

तो वाचायचा, तर आधी पीसीआर तंत्राने त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात. त्यासाठी हव्या त्या भागाच्या दोन्ही टोकांना चिकटणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, लागतात. पण प्राणीच अज्ञात असताना प्रायमर कोणते घ्यायचे?

उत्तर उत्क्रांतीत होते. जनुकातील जी अक्षरे बदलल्यास प्रथिनाचे काम बिघडते, ती निसर्गनिवडीमुळे कोट्यवधी वर्षे जवळजवळ तशीच राहतात. निरनिराळ्या प्रजातींचे डीएनए-क्रम एकाखाली एक मांडले की हे अबाधित पट्टे उठून दिसतात. १९८९ मध्ये थॉमस कोचर, अॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी अशा पट्ट्यांवर बेतलेले प्रायमर मासे, पक्षी व सस्तन प्राण्यांनाही चालतात, हे दाखवले.

लालजी सिंग यांना हा विचार परका नव्हता. पट्टेरी मण्यारीच्या मादीत आढळलेला ‘बीकेएम’ हा डीएनए-क्रम इतर अनेक प्राण्यांतही जतन झाला आहे, हे त्यांच्या एडिंबरोतील संशोधनातून पुढे आले होते. भारतातील डीएनए फिंगरप्रिंटिंगचा पाया त्यावरच रचला गेला. २००३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील सुनील कुमार वर्मा आणि सिंग यांनी मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम-बी जनुकाच्या अबाधित भागांवरून एमसीबी ३९८ आणि एमसीबी ८६९ हे प्रायमर सिद्ध केले. एका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या शेकडो प्रती असतात; म्हणून खराब झालेल्या नमुन्यातही तो हाती लागण्याची शक्यता अधिक.

मर्म मात्र या दोन टोकांच्या मधल्या भागात आहे. टोके सर्वांची सारखी, म्हणून प्रायमर चिकटतात; मधली अक्षरे प्रजातीनुसार बदलतात, म्हणून ओळख पटते. एका साम्याने दार उघडते, आतला फरक नाव सांगतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो. संकरित प्राण्याचा पिता त्यातून कळत नाही. शिवाय, तुलनेसाठी त्या प्रजातीचा खात्रीशीर क्रम आधीच नोंदलेला असावा लागतो. म्हणूनच भारतातील वन्यजीवांचे डीएनए-क्रम काळजीपूर्वक नोंदवणे हे केवळ शास्त्रीय कुतूहल नव्हे. मुक्या प्राण्याची न्यायालयातील साक्ष त्यावर अवलंबून आहे.