चार रमाबाई, दोन मनू : नामसाधर्म्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

शाळेत असताना एका चाचणीत मी शारदासदनाच्या संस्थापक म्हणून रमाबाई रानडे यांचे नाव लिहिले होते. बाईंनी त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी ‘पंडिता’ एवढा एकच शब्द लिहिला. चूक कळली, पण ती का झाली ते कळायला बरीच वर्षे गेली. रानड्यांच्या रमाबाईंनी पुण्यात वाढवलेले ते सेवासदन, १९०९ सालचे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत उघडले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हलवले ते शारदासदन. दोन्ही सदने, दोन्ही स्त्रियांसाठी, दोन्ही पुण्याशी बांधलेली, आणि दोघींचे नाव रमाबाई. वयातही जेमतेम चार वर्षांचे अंतर. एकाच शहरात, एकाच पिढीत, एकाच कामासाठी झटणाऱ्या दोन मोठ्या स्त्रियांचे नाव एकच कसे, हा प्रश्न त्या लाल फुलीने माझ्या मनात रुजवला. नामसाधर्म्याच्या अभ्यासात मी शिरलो तो याच दाराने, आणि नव्या वाचकालाही याच दाराने आत बोलवावे असे मला वाटते.

रमाबाई रानडे जन्मतः रमा नव्हत्या. त्या कुर्लेकरांच्या यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झाले आणि त्या रमा झाल्या. लग्नात तांदळाचे ताट पुढे येते, नवरा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात नवे नाव लिहितो, जमलेल्यांना पेढे वाटले जातात, आणि माहेरचे नाव मागे राहते. हे नवे नाव पुष्कळदा नवऱ्याच्या नावाला जोडून निवडलेले असते. न्यायमूर्ती रानड्यांना सगळे माधवराव म्हणत. माधव म्हणजे विष्णू, त्याची रमा. शंभर वर्षे मागे गेले तर थोरले माधवराव पेशवे भेटतात, आणि १७७२ साली थेऊरला त्यांच्यामागे सती गेलेल्या त्यांच्या पत्नीचे नावही रमाबाईच. एक राजघराण्यातली, दुसरी समाजकारणातली. दोघींच्या नावांमागे रमा-माधवाची तीच जोडी उभी आहे.

पंडिता रमाबाईंचे मात्र तसे नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी मुलीचे रमा हे नाव जन्मापासून ठेवले, बंगाली गृहस्थाशी लग्न झाल्यावरही ते बदलले नाही, आणि ‘पंडिता’ ही पदवी त्यांना १८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी दिली. म्हणजे एकीचे नाव सासरचे, दुसरीचे वडिलांनी दिलेले. नाव तेच असले तरी त्याचा उगम वेगळा, आणि तो उगमच त्या दोन आयुष्यांतला फरक सांगून जातो. पुढे आणखी एक रमाबाई येतात, डॉ. आंबेडकरांच्या पत्नी. बाबासाहेबांनी आपला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण करताना त्यांना ‘रामू’ म्हटले आणि लोकांनी त्यांना ‘रमाई’ केले. लोकांनी हाक बदलली, आणि त्यामुळे ही रमाबाई इतर रमाबाईंत कधीच मिसळत नाही.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण याहून विलक्षण आहे. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका, घरात मनू. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झाल्यावर त्या लक्ष्मीबाई झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्याही घरात मनूच, आणि नारायण वामन टिळकांच्या घरी येऊन त्याही लक्ष्मीबाईच झाल्या. एक घोड्यावर बसून लढली. दुसरीने नाशिक-नगरच्या परिसरातला आपला संसार, नवऱ्याचे धर्मांतर आणि स्वतःच्या मनाची उलथापालथ इतक्या सरळ मराठीत लिहिली की त्या पुस्तकाच्या तोडीचे आत्मचरित्र मला आपल्याकडे दुसरे दिसत नाही. दोघींची आयुष्ये कुठेही एकमेकींना शिवत नाहीत, पण दोघींच्या नावांचा प्रवास पायरीला पायरी जुळणारा आहे. नारायणाला लक्ष्मी जुळते हे खरे, पण गंगाधराच्या घरीही लक्ष्मीच आली, कारण माप ओलांडून येणारी प्रत्येक सून घराची लक्ष्मी मानली जाते. माहेरचे नाव काशीच्या घाटाचे, सासरचे नाव सुबत्तेचे. असे साधर्म्य सापडले की त्याला योगायोग म्हणून सोडून देऊ नये, असे मला कळकळीने वाटते. रूढी ज्या ठिकाणी आपली खूण ठेवून जाते, तिथेच नावे जुळतात.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनाही याच नजरेने पाहावे. त्याही मूळच्या यमुना. पती गोपाळरावांनी त्यांना आनंदी केले, आणि १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेतली ती आनंदीबाईंनी. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, माहेरच्या गोदूबाई. म्हणजे रमाबाई रानडे आणि आनंदीबाई जोशी यांना माहेरच्याच नावांनी ओळखले गेले असते, तर आज आपण त्यांची एकमेकींत गल्लत केली असती. स्त्रियांच्या चरित्रकोशात माहेरचे नाव नोंदीच्या अगदी पहिल्या ओळीत हवे असा माझा आग्रह आहे, तो यामुळे.

पुरुषांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत गोंधळ करतात ती आद्याक्षरे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली चाल जुनी आहे, आणि नावात मधे वडिलांचे नाव येते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते कोसंबींच्या घराण्यात दिसते. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६-१९४७) पालीचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) गणिती आणि इतिहासकार. मराठीत एक ध. दा. आणि दुसरा दा. ध., पण रोमन लिपीत दोघेही डी. डी. कोसंबी. हार्वर्डच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेतला ४१वा ग्रंथ ‘विसुद्धिमग्ग’, त्याच्या संपादनात वडिलांचा हात आहे. ४२वा ग्रंथ ‘सुभाषितरत्नकोश’, तो मुलाने वा. वि. गोखल्यांच्या बरोबरीने संपादित केला. फडताळात ही दोन पुस्तके शेजारी शेजारी येतात. मुलगा गणिती म्हणून संस्कृत ग्रंथ वडिलांच्या खात्यावर टाकावा, असा मोह इथे कुणालाही होईल. याच दामोदर कोसंबींनी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, आणि शतके रचणारा भर्तृहरी व ‘वाक्यपदीय’ लिहिणारा व्याकरणकार भर्तृहरी एकच की दोन, हा तर आपल्याकडच्या नामसाधर्म्याच्या सर्वांत जुन्या प्रश्नांपैकी एक.

राजवाडे बंधूंची कथा अशीच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३-१९२६) म्हणजे इतिहासाचार्य, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे संपादक. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे संस्कृतचे प्राध्यापक, यास्काच्या निरुक्ताचे अभ्यासक. देवनागरीत वि. का. आणि वै. का. असा स्वच्छ भेद आहे. रोमन लिपीत गेले की दोघेही व्ही. के. एका जुन्या ग्रंथालयाच्या कार्ड-तालिकेत मी दोघांची पुस्तके एकाच नावाखाली लागलेली पाहिली आहेत. टाइप केलेली कार्डे, कोपरे मळलेले, मधोमध सळई, आणि निरुक्ताच्या कार्डामागे लगेच साधनांच्या खंडाचे कार्ड. विषय पाहून वेगळी करावीत तर तेही सोपे नाही, कारण इतिहासाचार्यांनी स्वतः ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावर लिहिले आहे. त्या दिवशी मी ग्रंथपालांना चिठ्ठी लिहून दिली. अशी चिठ्ठी लिहिण्यापासूनच या अभ्यासातले प्रत्यक्ष काम सुरू होते.

आता संतवाङ्मय. इथे चुकीची किंमत सर्वांत मोठी आहे. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो, त्याला नाममुद्रा म्हणतात. संत नामदेव (१२७०-१३५०) आणि सोळाव्या शतकातला विष्णुदास नामा हे दोन वेगळे कवी, मधे दोनशेहून अधिक वर्षे. विष्णुदास नाम्याने महाभारत ओवीबद्ध केले. पण त्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले, कारण नामा हा नामा, आणि विष्णूचा दास तर प्रत्येक वैष्णव. नामदेवांच्या चरित्राविषयी, त्यांच्या भाषेविषयी, त्यांनी पाहिलेल्या घटनांविषयी आपण जे बोलतो, ते कुठल्या अभंगावर उभे आहे हे तपासल्याशिवाय बोलू नये. ज्ञानदेवांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या नावाने शि. ए. भारदे यांनी ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार असे दोन ज्ञानदेव असल्याचे मांडले आणि महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. त्यांचे मत मला पटत नाही. तरी त्या वादाने नाममुद्रेवर डोळे मिटून विश्वास ठेवायची सवय मोडली, हे उपकार मानले पाहिजेत.

उलट दिशेची चूकही होते. अल-बिरूनीने आर्यभट दोन मानले, एक थोरला आणि एक कुसुमपूरचा. आज अभ्यासक ते एकच मानतात. आणि दुसरा आर्यभट खरोखरच होता, तो वेगळाच, ‘महासिद्धांत’ लिहिणारा. माणसे एकत्र करताना जेवढी सावधगिरी, तेवढीच ती वेगळी करताना हवी.

बहिणाबाईंविषयी फार लिहायला नको, वाचक त्यांना ओळखतात. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, आणि खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) विसाव्या शतकातल्या. एवढे मात्र सांगावेसे वाटते की बहिणाबाई चौधरींच्या मुलाचे नाव सोपानदेव. म्हणजे आई आणि मुलगा दोघेही संतांचे नामबंधू, आणि दोघेही कवी. शेतकरी घरात वारकरी नावे किती आत मुरली होती, याचा याहून बोलका पुरावा कुठे शोधायचा?

मोरोपंत हे नाव घ्या. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे, आर्या लिहिणारे बारामतीचे कवी मोरोपंत पराडकर (१७२९-१७९४), आणि झाशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे, ज्यांना १८५८ साली इंग्रजांनी फाशी दिली. तलवार, लेखणी आणि फास. तिघांच्याही नावाचे मूळ मोरेश्वर, म्हणजे मोरगावचा मयूरेश्वर. कवी मोरोपंतांनी तर आपल्या नावातला मोर काव्यात नाचवला, ‘केकावली’ या शीर्षकात त्याची केका ऐकू येते.

ही माणसे वेगळी ठेवायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पुराणांत राम तीन. एकाला परशु दिला, एकाला दशरथाचे नाव, एकाला बळ. भरत तर चार: दुष्यंताचा मुलगा, रामाचा भाऊ, जडभरत, आणि नाट्यशास्त्राचा मुनी. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६) असे तीन चरित्रकोश केले. प्राचीन कोशात एका नावाच्या अनेक व्यक्ती क्रमांक देऊन वेगळ्या मांडल्या आहेत. नव्या अभ्यासकाने एखादी दुपार त्या कोशाबरोबर घालवावी. संशोधकांना सोळा अंकी ओळखक्रमांक देणारी ऑर्किड ही व्यवस्था २०१२ पासून चालू आहे, आणि गरज तीच आहे.

कधी कधी नामबंधू स्वतःच वाट काढतात. १८९९ साली विन्स्टन चर्चिल या नावाचा नावाजलेला लेखक म्हणजे एक अमेरिकन कादंबरीकार होता. इंग्लंडमधल्या चोवीस वर्षांच्या दुसऱ्या विन्स्टन चर्चिलने त्याला सौजन्याने पत्र लिहिले आणि आपण यापुढे पुस्तकांवर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल असे नाव घालू असे कळवले. पुढे तो पंतप्रधान झाला, १९५३ साली साहित्याचे नोबेल मिळाले, पण पुस्तकांवर तो मधला स्पेन्सर राहिला. दुसऱ्याच्या नावाचा असा मान राखलेला पाहून मला नेहमी बरे वाटते.

या क्षेत्रात येणाऱ्याने जवळ बाळगावे ते थोडेच: जन्मसाल, गाव, वडिलांचे नाव, स्त्री असेल तर माहेरचे नाव, आणि मूळ लिपीतले नाव. नुसत्या छापील नावावर थांबू नये. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज सुरू झाला तेव्हा त्या कामात दोन्ही रमाबाई होत्या. त्या वर्षाच्या एखाद्या कागदावर ‘रमाबाई बोलल्या’ एवढेच लिहिलेले भेटले, तर तिथे बोट ठेवून थांबायचे. बोलणारी चोवीस वर्षांची, नुकतीच विधवा झालेली, वर्षाची मुलगी मनोरमा हिला घेऊन या शहरात आलेली बाई होती, की वीस वर्षांची, कालपरवापर्यंत यमुना असलेली, रानड्यांच्या घरातली सून?