पातळ न झालेल्या भिंतीची कुळकथा

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र असलेले तान्हे बाळ आणि पेरूच्या अँडीज पर्वतात जन्मलेला धडधाकट खाणकामगार, या दोघांच्या फुप्फुसांतल्या बारीक धमन्यांची भिंत एकाच तऱ्हेने जाड असते. हे साम्य ध्यानात आले आणि या जाड भिंतीची वंशावळ मला वेगळीच दिसू लागली.

माहितीतले टप्पे थोडक्यात सांगतो. 1897 मध्ये व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी पडद्याला असे छिद्र असलेला एक रुग्ण नोंदवला. 1958 मध्ये लंडनच्या पॉल वुड यांनी फुप्फुसांतला दाब वाढून छिद्रातला रक्तप्रवाह उलटण्याच्या अवस्थेचा समग्र आढावा घेतला. त्याच वर्षी हीथ आणि एडवर्ड्स यांनी धमन्यांतल्या बदलांच्या सहा पायऱ्या ठरवल्या.

खरा वाद पहिल्याच पायरीचा. ही जाडी येते कुठून?

एडवर्ड्स यांच्या मते ती गर्भातलीच. पोटात असताना बाळ श्वास घेत नाही, म्हणून तिथे या धमन्या जाड आणि अरुंद असतात. जन्मानंतर त्या पातळ व्हायच्या, पण छिद्रातून येणारा दाब त्यांना पूर्ण पातळ होऊ देत नाही. दवाखान्यातला अनुभव याला धरूनच आहे. छिद्र मोठे असूनही सुरुवातीचे दिवस बाळ ठणठणीत दिसते. चार-सहा आठवड्यांत भिंत थोडी सैल पडली की फुप्फुसांत रक्ताचा लोंढा येतो. मग दूध पिताना धाप लागते, कपाळ घामाने डबडबते आणि वजन वाढत नाही.

पेरूतून याला दुजोरा मिळाला. 1963 मध्ये आरियास-स्टेया आणि साल्दान्या यांनी उंचावर जन्मलेल्यांच्या बारीक धमन्यांत तसाच स्नायू दाखवला. तिथे कारण विरळ हवेचे. हीच माणसे दोन वर्षे समुद्रसपाटीला राहिली की फुप्फुसांतला दाब उतरतो, हे 1971 मध्ये दिसले.

विरोधी पक्षही तगडा आहे. राबिनोविच आणि रीड यांनी 1978 मध्ये दाखवले की छिद्र असलेल्या बाळांत स्नायू अगदी टोकाच्या धमन्यांपर्यंत पसरतो. गर्भात तर तिथे स्नायू नसतोच. पुढे धमन्यांची संख्याही घटते. म्हणजे हे केवळ जुने टिकणे नव्हे, नवी भर आहे.

माझे मत असे : मूळ गर्भातले, वाढ दाबाची. टिकून राहिलेल्या जाड भिंतीवरच पुढचे थर चढतात. स्नायूची जाडी दाब उतरल्यावर ओसरते, जशी डोंगर उतरलेल्या माणसाची. आतल्या अस्तरात तंतू साचून धमनी बुजली, की परतीची ती वाट बंद होते. मग दाबाला छिद्र हीच पळवाट उरते आणि ते बुजवणेच जिवावर बेतू शकते. म्हणूनच मोठ्या छिद्राची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षातच, बहुधा पहिल्या काही महिन्यांत करतात. ‘वजन वाढू दे, मग बघू’ म्हणत वर्षानुवर्षे थांबणे या धमन्यांना परवडत नाही.