चीनने जपलेली आपली ठेव

बडोद्यात चिनी विद्येचा विषय काढला, की तो श्रोत्यांना परका वाटतो. वस्तुतः येथीलच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२९ साली जुझेप्पे तुच्ची या इटालियन पंडिताचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘तर्कशास्त्र’ आणि ‘उपायहृदय’ हे दिङ्नागपूर्व ग्रंथ मूळ संस्कृतात लुप्त झाले होते. तुच्चींनी ते चिनी अनुवादांवरून पुन्हा संस्कृतात उतरविले.

हीच वाट पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. पु. वि. बापट यांनी चोखाळली. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ सहाव्या शतकातील चिनी अनुवादात टिकून राहिला आहे. पाली ‘विसुद्धिमग्गा’शी त्याची तुलना करणारा त्यांचा प्रबंध १९३७ साली पुण्यात प्रकाशित झाला.

आपण गमावलेले शब्द शेजाऱ्याने सुमारे दीड हजार वर्षे सांभाळले, याबद्दल कृतज्ञ असावे. तथापि केवळ आपली ठेव परत मिळावी म्हणून शेजाऱ्याची भाषा शिकणे, हे अर्धेच शिक्षण होय. कन्फ्यूशियस किंवा तू फू यांना त्यांच्याच भाषेत वाचणारे आपल्यात किती निघतील? मी जन्मभर मराठी शिकविली. चिनीचे एक अक्षरही शिकलो नाही. ही उणीव आता, उतारवयात, फार जाणवते. विद्यार्थिमित्रहो, ती तुम्ही भरून काढावी.