मर्दानी खेळ आणि आपला लोहारधंदा

स्मरणिका काढण्याचे दिवस जवळ आले म्हणजे संपादक मंडळाचे पत्र येते, आणि त्यात 'आपल्या ज्ञातीच्या पूर्वगौरवासंबंधी काही लिहावे' अशी सूचना हमखास असते. यंदा ती मी निराळ्या कारणाने मनावर घेतली. मागे एका मेळाव्यात एका वक्त्यांनी शिवछत्रपतींची भवानी तलवार आपल्याच एका पूर्वजाने घडविली असे ठासून सांगितले व टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. घरी आल्यावर मात्र, ज्याने आयुष्यभर प्राथमिक शाळेत इतिहास शिकविला त्या माणसाला झोप येईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

आजकाल तरुण मंडळींत मर्दानी खेळांची हौस पुन्हा जागी झाली आहे, ही गोष्ट आनंदाची आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत लाठी, फरीगदगा, बोथाटी, विटा आणि दांडपट्टा यांचे खेळ होतात, आणि आता मुलीही कमरेला शेला बांधून पट्टा फिरवितात. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या शिवजयंतीस दांडपट्ट्यास राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. त्याच वर्षी लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे काही मुदतीपुरती साताऱ्यास आली. २०२५ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार शासनाने लंडनच्या लिलावात विकत घेऊन परत आणली. आपल्या जिल्ह्याचे 'अहमदनगर' हे नाव बदलून 'अहिल्यानगर' झाले तेही याच सुमारास. एकंदरीत इतिहासाकडे लोकांचे डोळे लागलेले आहेत.

ही विद्या पेशवाईनंतरही टिकली ती तालमींतून. पुण्यास लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा शिकवीत आणि जोतीराव फुले यांनी तेथेच ही विद्या घेतली, हे सर्वश्रुत आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावर कडक बंधने आली. तरी लाठी व फरीगदगा यांना कोण अडविणार? फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे कातडे मढविलेली काठी. तलवारीचे सारे हात या काठीवर शिकता येतात आणि कोणाचे डोकेही फुटत नाही. बडोद्यास द. चिं. मजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे खंड सिद्ध केले, त्यांत या खेळांचे डाव लिहून ठेवले आहेत. कोल्हापूरच्या तालमींनी तर ही परंपरा आजवर मोडू दिली नाही. खेळणाऱ्यांचा इतिहास असा थोडाबहुत जुळविता येतो.

परंतु ज्या वस्तूने खेळावयाचे ती वस्तू कोणी केली? हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. एक तलवार म्हणजे एका माणसाचे काम नव्हे. सह्याद्रीच्या रानांत धावड लोक दगड भाजून लोखंड गाळीत. उत्तम पोलाद येई ते तेलंगणातून. निर्मळजवळच्या कोनसमुद्रम् गावचे पोलाद नेण्यास इराणचे व्यापारी येत असत. लोहाराने पाते ठोकावे, पाणी द्यावे. शिकलगाराने ते घासून लखलखीत करावे. मूठ निराळी घडवून पात्याचे शेपूट तीत तापलेल्या लाखेने बसवावे. जीनगराने लाकडी म्यान करून त्यावर कातडे किंवा मखमल चढवावी. आणि धनी श्रीमंत असेल तर मुठीवर सोन्याच्या तारेचे काम व्हावे. इतक्या घरांची चूल पेटली म्हणजे एका शिलेदाराच्या कमरेस तलवार लटके.

आता भवानीविषयी. आपल्याकडच्या मराठी तलवारींत 'फिरंग' म्हणून जो प्रकार आहे, त्याचे पाते युरोपातून येई. पोर्तुगीज व इतर व्यापारी ही पाती किनाऱ्यावर उतरवीत, आणि आपले लोक त्यांस आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. भवानी ही अशीच फिरंग असून कोकणातील सावंतांकडून आली, अशी जुनी परंपरा आहे. रघूजी भोसल्यांच्या तलवारीवर तर सोन्याच्या अक्षरांत धन्याचे नाव असून ती 'फिरंग' असल्याचेही लिहिले आहे. पाते विलायती, मूठ मात्र मुल्हेरी घाटाची. हे मुल्हेर म्हणजे आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील बागलाणचे. त्या मुठीत आपल्या मुलुखाच्या कारागिराचा हात आहे, आणि तो खरा आहे. असे असता जे आपले नाही त्यावर हक्क सांगण्याचे प्रयोजन काय? आपल्या पदरी असलेले अस्सल नाणे सोडून खोटे नाणे बाजारात नेल्यासारखे ते होईल.

विशेष हे की, जर्मनीतील सोलिंगेन वगैरे गावचे लोहार आपल्या पात्यावर आपली खूण ठोकीत. ती खूण पाहून आज तज्ज्ञ पात्याचे गाव सांगतात. आपल्याकडील पात्यांवर धन्याचे नाव सापडते, लोहाराचे क्वचितच. नगर शहरातील रणगाड्यांच्या संग्रहालयात गेलेल्या कोणासही विजयंत रणगाडा आवडीच्या कारखान्यात झाला हे कळू शकते. दोनशे वर्षांपूर्वीच्या साध्या तलवारीविषयी तेवढेही कळत नाही.

नाही म्हणावयास आपल्या नगरात एक मोठा अपवाद घडला. विजापूरच्या बुरुजावर जी 'मलिक-ए-मैदान' तोफ आहे ती विजापूरची नव्हे. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दीत १५४९ मध्ये ती नगर येथे ओतली गेली. पुढे परांड्यास व तेथून १६३२ मध्ये विजापुरास गेली. लांबी चौदा फुटांहून अधिक, तोंडाचा व्यास सव्वादोन फुटांवर, आणि वजन सुमारे पंचावन्न टन. धातू पंचरशी, म्हणजे अदमासे ८० भाग तांबे व २० भाग कथील. तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंहमुखी प्राणी कोरला आहे. ती ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच लिहिलेले आहे : मुहम्मद बिन हसन रूमी. हा उस्ताद तुर्की मुलुखातला, आपला नव्हे. पण एवढा रस एका वेळी साच्यात जावा म्हणून कित्येक भट्ट्या एकदम पेटल्या असतील, कित्येक भाते एकदम हलले असतील. ते भाते ओढणारी माणसे नगरचीच असणार, असे मी समजतो. त्यांची नावे तोफेवर नाहीत. हा माझा तर्क आहे. वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा.

खेड्यातील लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याचे खरे काम फाळ, पास, विळा, कुऱ्हाड आणि गाडीच्या चाकाची धाव. दसऱ्याचे शिलंगण करून कुणबी मोहिमेवर निघे तेव्हा भाल्याचे फळ नीट करून देणारा लोहार तोच, आणि परत आल्यावर नांगराचा फाळ शेवटून देणाराही तोच. खंडेनवमीस शस्त्रे आणि हत्यारे एकाच पाटावर मांडून पुजण्याची जी चाल आहे, तिच्यात हा इतिहास साठविलेला आहे.

येथे एक घरगुती आठवण सांगतो. मी चौथीत होतो. आमच्या वडिलांना सारे गाव नाना म्हणे. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी तालमीचे वस्ताद पट्टा घेऊन आमच्या भट्टीवर आले. हात कोपरापर्यंत ज्यात जातो त्या खोबळ्याशी पाते दोन रिव्हेटांनी जडविलेले असते. त्यातले एक तुटले होते आणि पाते खिळखिळे झाले होते. वस्ताद म्हणाले, "नाना, तापवून लगेच ठोका, उद्या खेळ आहे." नानांनी पाते तापविण्यास साफ नकार दिला. पाते तापले की त्याचे पाणी उतरते, आणि पाणी उतरलेला पट्टा लवत नाही, वाकतो. त्यांनी पात्यास ओले गोणपाट गुंडाळले, रिव्हेट तेवढे लाल केले, भोकात घातले, आणि मी सांडसीने खालून धरले असता चार घावांत त्याचे डोके बसविले. पुन्हा गोणपाटावर पाणी ओतले. रात्रीचे दहा वाजले होते. पैसे घेतले नाहीत. देवाचे काम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी पोराच्या तळहातावर लिंबू ठेवून ते पट्ट्याने कापले. गावकऱ्यांनी त्यांस फेटा बांधला, नारळ दिला. नाना गर्दीच्या कडेस उभे होते. त्यांची नजर लिंबाकडे नव्हती, खोबळ्याकडे होती. जोड हलतो की काय ते पाहत होते. त्यांना कोणी पुढे बोलाविले नाही, आणि कोणी बोलवावे असे त्यांच्या मनातही आले नसावे. मला मात्र ते त्या वयात लागले होते, आणि अजून लागते.

परदेशात या बाबतीत काय चालते हे वाचून मला नवल वाटले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९६६ मध्ये काही हौशी मंडळींनी युरोपच्या मध्ययुगातील रीतीने तलवारबाजी, पोशाख व मेजवान्या करण्यासाठी एक संस्था काढली, व ती पुष्कळ देशांत पसरली. हा एक प्रकारचा सोंगांचाच बाजार, असे प्रथम मला वाटले. परंतु त्यांच्यांत एक नियम घेण्यासारखा आहे. तलवारीच्या सामन्यात निष्णात झालेल्यास जो मान, त्याच्या बरोबरीचा मान चिलखत विणणारा, कापड रंगविणारा, जुन्या रीतीने जोडे शिवणारा यांना मिळतो. आपल्याकडे सोंग नाही, जिवंत परंपरा आहे. मग आपण मागे का असावे?

आजची स्थिती अशी की मिरवणुकीतील पुष्कळशा तलवारी पत्र्याच्या असतात व बाजारातून डझनाने येतात. लहान मुलांच्या हाती त्याच बऱ्या. धारेच्या तलवारीची हौस धरणाऱ्यांनी कायदा पाहूनच पाऊल टाकावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार शस्त्रात मोडते, शेतीची व घरगुती हत्यारे वगळून. परंतु खेळाचा पट्टा ज्यांस मनापासून शिकावयाचा आहे त्यांस पत्रा उपयोगी नाही. तो लवला पाहिजे आणि सरळ झाला पाहिजे. हे काम जाणणारे हात आपल्या ज्ञातीत अद्याप आहेत. ऊसतोडणीस निघणाऱ्या पाथर्डीकडच्या मजुरांचे कोयते ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यांतून आपलेच लोक घडवितात. कमानीचे पोलाद कितपत तापवावे, रंग कोणता आला म्हणजे पाण्यात घालावे, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. त्यांतील बहुतेक आता साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांची मुले वेल्डिंगच्या दुकानांत आहेत. वेल्डिंग वाईट नव्हे. पोट त्यानेच भरते. पण पाणी देण्याची विद्या त्यात येत नाही.

माझी सूचना अशी. येत्या मेळाव्यात भाषणे दोन कमी करावीत आणि मंडपाच्या बाहेर एक भट्टी मांडावी. आसपासच्या तालमींतील मुलांस बोलवावे, आणि एखाद्या वृद्ध कारागिराने त्यांच्यासमोर बोथट पट्टा घडवून दाखवावा. ज्यांच्या घरी जुनी ऐरण, साचे, सांडस असतील त्यांनी मोडीत घालण्यापूर्वी संस्थेस कळवावे, आणि ती कोणाच्या हातची, कोणत्या गावची, हेही लिहून द्यावे. खर्चाचा काही भाग मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. रकमेचा उच्चार येथे नको.

मागे गावी गेलो तेव्हा तालमीत डोकावलो. तो पट्टा अजून आहे. हनुमान जयंतीस त्याला हळदकुंकू वाहतात. खोबळ्याशी दोन रिव्हेटे आहेत, एकाचे डोके गोल व झिजलेले, दुसऱ्याचे चपटे. तालमीतल्या मुलांस मी विचारले, हा कोणाचा? हा शिवकालीन आहे, असे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. मी त्यांना जवळ बोलाविले आणि ते चपटे डोके दाखविले.