डेडलाइन: आधी कुंपण, मग तारीख

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डेडलाइन हुकली तर काय होतं? क्लायंट चिडतो, मॅनेजर लांबलचक मेल टाकतो आणि नवी तारीख मिळते. १८६४ साली मात्र डेडलाइन ओलांडणाऱ्याला गोळी घालत.

अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. दक्षिणेकडच्या राज्यांनी जॉर्जियात, अँडरसनव्हिल इथे, पकडलेल्या उत्तरेच्या सैनिकांसाठी छावणी उभारली. भोवती उंच ओंडक्यांची भिंत. तिच्या आत सुमारे १९ फुटांवर खांब रोवून त्यांवर ठोकलेली साधी फळी, कुणीही सहज ओलांडेल अशी. हीच ‘डेड लाइन’. ती ओलांडली की मचाणावरच्या पहारेकऱ्याने गोळी झाडायची.

मग तिच्या जवळ तरी कोण जाईल? तहानलेला माणूस. दहा हजारांसाठी बांधलेल्या या छावणीत ऑगस्टपर्यंत तीस हजारांहून जास्त कैदी कोंबले होते. मधून एकच ओहोळ वाहत होता. प्यायचं पाणी त्यातलंच आणि शौचाची घाणही त्यातच. त्यातल्या त्यात बरं पाणी ओहोळ आत शिरत असे तिथे, नेमकं त्या फळीजवळ. तिथे हात लांबवताना गोळी लागून माणसं मेली. अर्थात गोळीने मेलेले थोडेच. छावणीत जवळपास तेरा हजार माणसं दगावली, ती मुख्यतः अतिसार, आमांश आणि स्कर्व्हीने.

युद्ध संपल्यावर छावणीचा प्रमुख हेन्री विर्झ याच्यावर वॉशिंग्टनमध्ये खटला चालला. आरोपांत ही रेषाही होती. १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी दिलं. वर्तमानपत्रांतून खटला घरोघर पोचला आणि त्याबरोबर हा शब्दही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो छापखान्यात दिसतो: यंत्रावरची एक रेघ, जिच्याबाहेर मजकूर नीट उमटत नाही. १९२० च्या सुमारास अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत तो वेळेला चिकटला. अमुक वाजल्यानंतर बातमी आली तर या अंकात नाही!

आपल्याकडे यासाठी ‘मुदत’ आहे. मूळ अरबी, आणि तिचा धातू ताणण्या-पसरण्याचा. त्यामुळे मुदतवाढ मागताना काही खटकत नाही. डेडलाइन ‘एक्स्टेंड’ करणं म्हणजे खरं तर ती फळी उखडून चार फूट मागे ठोकणं. पहारेकरी वर बसलेलाच.