पाल पाळताना

पंचांगात पल्लीपतनाचा एक तक्ता असतो. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली तर काय फळ, हे त्यात दिलेलं असतं. पुरुषांना उजवं अंग शुभ, बायकांना डावं. सरडा अंगावर चढला तर त्याचंही फळ सांगितलेलं. आमच्या कट्ट्याकडे, म्हणजे मालवण तालुक्यात, जुनी घरं मंगलोरी कौलांची. वर वासे, रिपा आणि त्यांतून रात्रंदिवस फिरणाऱ्या पाली. तेव्हा हा तक्ता कोकणात किती घरांत धास्तीने वाचला गेला असेल, याची कल्पना करा. शंकेला आपण आवाज दिला तोही पालीचाच. मनात चुकचुकते ती पालच.

मला मात्र या तक्त्यापेक्षा त्यावरचा उतारा अधिक विचार करण्यासारखा वाटतो. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला दोन पाली आहेत, एक सोन्याने मढवलेली आणि एक चांदीने. भाविक वर चढून त्यांना हात लावतात. हात लावला की पाल अंगावर पडल्याचा दोष जातो, अशी श्रद्धा. म्हणजे पालीच्या भीतीवर औषध कोणतं, तर पालीलाच स्पर्श!

प्रयोगशाळेने हीच वाट फार उशिरा धरली. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. हा मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा. त्याला सशाची भयंकर भीती. जोन्सबाईंनी आधी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांत खेळायला सोडलं. भीती उतरू लागली. पण मध्ये पीटर तापाने आजारी पडला आणि त्याच सुमारास एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. केलेलं सगळं पाण्यात गेलं. मग बाईंनी खाऊची मदत घेतली. पीटरला आवडीचं खायला देऊन बसवायचं आणि तो खाण्यात रमला की पिंजऱ्यातला ससा थोडा पुढे सरकवायचा. किती पुढे? तर मुलाचं खाणं थांबणार नाही इतकाच. असं करता करता शेवटी पीटरने सशाला आपली बोटं कुरतडू दिली. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच तत्त्वावर उपचाराची पद्धत बांधली. १९६९ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापांना घाबरणाऱ्यांवर प्रयोग केले. दुसरा माणूस साप शांतपणे हाताळतो आहे हे समोर बघायचं, मग त्याच्या सोबतीने आपण हात लावायचा, हा उपाय सर्वांत गुणकारी ठरला.

आपल्याकडे पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिले. विक्रम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. मला वाटतं, काचेबाहेरून पाहणाऱ्यांवर बांडुरांचाच उपचार तिथे नकळत घडत होता. १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झालं आणि शाळेच्या सहलींना हा उपचार दरवर्षी मिळू लागला.

परदेशात पालीची भीती घालवायला काही माणसं सरळ पाल पाळतात. त्यासाठी बहुधा निवडली जाते ती लेपर्ड गेको, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली. गंमत म्हणजे ती मूळची आपल्याच उपखंडातली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचं वर्णन केलं, ते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगांतल्या नमुन्यावरून. या पालीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. चढतच नाही, तर अंगावर पडणार कुठून? चाल संथ, शेपटी जाड, डोळ्यांना पापण्या. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. ती जिभेने डोळे पुसते. आपल्याला पालीत जे जे नकोसं वाटतं त्यातलं बरंचसं या पालीत नाहीच, म्हणून तिच्यापासून सुरुवात सोपी जाते. या पालीचं एक भावंड महाराष्ट्रातही आहे. ते मात्र विषारी समजून दिसताक्षणी ठेचलं जातं. वास्तविक भारतातल्या एकाही पालीच्या चाव्याने माणूस दगावत नाही.

याच गोतावळ्यातल्या एका प्राण्याचा मराठी माणसाला अभिमान आहे. ती घोरपड. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडाचा कडा चढताना तानाजीने यशवंती घोरपडीला दोर बांधला, ही कथा पोवाड्याने घरोघर नेली. घोरपडीला माणसाचा भार पेलवणार नाही, त्यामुळे इतिहासकार ती मानत नाहीत. मुधोळच्या घोरपडे घराण्याचं आडनावही अशाच एका किल्ला चढल्याच्या कथेतून आलं, असं सांगतात. कथा खरी असो वा नसो, पाळलेल्या घोरपडीला नाव देऊन लाडाने सांभाळण्याची कल्पना आपल्या माणसांना परकी नव्हती, एवढं त्यातून दिसतं. प्रत्यक्षात घोरपडीच्या वाट्याला आलं ते निराळंच. घुमटाच्या मडक्याला तोंडावर चामडं लागे ते तिचंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला सर्वांत कडक संरक्षण दिलं, आता घुमटाला बकऱ्याचं चामडं चढवतात. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो या बदललेल्या घुमटाला. ‘हाथाजोडी’ म्हणून जी मुळी धनलाभासाठी विकली जाते, ती मुळी नसून घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. तेव्हा भीती जावी म्हणून घोरपड धरून आणायचा विचार कुणी करू नये. तो गुन्हा आहे, आणि त्या बिचारीचे हाल आधीच पुष्कळ झालेत.

मग आपण पाळायचं काय? जी आधीपासून घरात आहे तीच. घरातल्या चुकचुकणाऱ्या पालीची एक जात जहाजांतल्या मालाबरोबर पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पोचली आहे, इतकी तिला माणसाच्या घराची सवय. तिला पिंजरा लागत नाही की खाऊ. ट्यूबलाइटमागची जागा एकदा पसंत पडली की तीच पाल रोज रात्री तिथेच येते. तुटून पुन्हा उगवलेल्या शेपटीवरून ती ओळखताही येते. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं दिव्यावर झेपावतात तेव्हा ही कशी दबा धरते ते लांबून बघायचं. चार दिवसांनी खुर्ची हातभर पुढे घ्यायची. तुमचं जेवण थांबणार नाही इतकीच.

आमच्या शेजारच्या एक काकी हे सगळं न वाचता करत आल्या. मुंबईहून आलेली सून पाल दिसली की पडवीत पळायची. काकी जेवणाचं ताट हलवू देत नसत. म्हणत, ‘‘गो, ती तुका काय करता? आपल्या वाटेन जाता ती.’’ दुसऱ्या मे महिन्यात सूनच मुलांना त्या पालीची शेपटी दाखवत होती. काकींनी पीटरचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

आपल्याला वाटतं घरची पाल म्हणजे ओळखीची गोष्ट. पण आमच्याच जिल्ह्यातल्या आंबोलीच्या एका पालीला शास्त्रीय नाव मिळालं ते २०१९ मध्ये. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून. तेव्हा बघण्यासारखं अजून पुष्कळ शिल्लक आहे. दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरची तसबीर हलवताना मागे वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी दिसली, तर तसबीर आणखी दीड-दोन महिने तशीच राहू द्या.